क्युबन सिगार: चांगली कशी निवडायची आणि ओरिजिनल कशी ओळखायची

नवीन माणूस सिगार बघताना सगळ्यात आधी तिच्याभोवतीची ब्रँडची कागदी पट्टी बघतो. पिवळी, त्यावर काळं, त्यात पांढरे ठिपके, म्हणजे कोहिबा हा ब्रँड, म्हणजे भारी. आणि फसवणूक नेमकी इथेच होते, कारण अख्ख्या सिगारमध्ये कॉपी करायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल तर ती कागदाची पट्टी. ती छापायला कुठलाही बरा प्रेसवाला पुरतो. पान मात्र कोणी छापू शकत नाही. म्हणून मी उलटा क्रम सांगतो: आधी विकणारा, मग भाव, मग पेटी, मग सिगार हातात घेऊन, आणि पट्टी सगळ्यात शेवटी.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ बोलतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हे खरं नाही. मोठ्या एका सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनेही होतो. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करायची काहीच गरज नाही. हा लेख १८ वर्षांवरच्या, कधीतरी ओढणाऱ्या किंवा कोणाला भेट द्यायची म्हणून घेणाऱ्या लोकांसाठी आहे, ज्यांना निदान दिलेल्या पैशात खरी वस्तू मिळावी.

आधी थोडं बेसिक

क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे, त्यातला वुएल्ता आबाहो हा भाग, आणि त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस ही दोन गावं, इथली तंबाखू जगात सगळ्यात नावाजलेली. निपाणी पट्ट्यातल्या लोकांना हे सांगावं लागणार नाही की एकाच पिकाची दोन शेतांमधली प्रत वेगळी निघते, तिथेही तसंच आहे. हातांनी वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये तीन थर असतात. आत फिलर, म्हणजे अख्खी लांब पानं दुमडून घातलेली, त्याला बांधून ठेवणारं बाइंडर, आणि बाहेरून रॅपर. रॅपरचं पान कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवतात, म्हणून ते पातळ, मऊ आणि कमी शिरांचं असतं. फिलरमध्येही वेगवेगळी पानं मिसळतात: झाडाच्या खालचं वोलादो, ते नीट जळायला मदत करतं, मधलं सेको वासासाठी, वरचं लिहेरो कडकपणासाठी. हे मिश्रण म्हणजेच त्या सिगारची चव. रंगावरून कडकपणा ठरवू नका. काळपट रॅपरची सिगार सौम्य असू शकते आणि फिकट दिसणारी डोकं गरगरवू शकते, कारण जोर आतल्या पानात असतो.

क्युबातून बाहेर जाणारी प्रत्येक सिगार १९९४ पासून हाबानोस एस.ए. या एकाच कंपनीमार्फत जाते. कोहिबा, मोन्तेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता, ओयो दे मोन्तेरेय, एच. उपमन, बोलिवार, त्रिनिदाद हे सगळे ब्रँड तिच्याकडेच. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगाला येतं.

पायरी १: कोण विकतंय ते बघा

हाबानोसची 'ला कासा देल हाबानो' नावाची फ्रँचायझी दुकानं जगभर आहेत, आणि प्रत्येक भागासाठी नेमलेला एक अधिकृत वितरक असतो. त्या साखळीतून घेतलं तर निम्मं काम झालं. हवानात असाल तर क्विंता आवेनिदा या रस्त्यावरचं दुकान, ओतेल नासिओनालमधलं, ही सरकारमान्य ठिकाणं आहेत. रस्त्यावर एखादा हसतमुख माणूस गाठतो, म्हणतो माझा भाऊ फॅक्टरीत कामाला आहे, किंवा आज कोऑपरेटिव्हचा सण आहे म्हणून कामगारांना अर्ध्या भावात विकायची परवानगी आहे. असा कुठलाही सण नाही. तो तुम्हाला एका घरात नेईल, कॉफी पाजेल, पेटी अगदी व्यवस्थित सीलसकट दाखवेल, आणि आत केळीचं पान किंवा फॅक्टरीतला झाडून काढलेला चुरा वळलेला असू शकतो. दुकानातून घेतलं की पावती सांभाळून ठेवा, क्युबातून निघताना कस्टम्सवाले सुट्या सिगार २० पर्यंतच पावतीशिवाय सोडतात.

कॅनकून, पुंता काना अशा कॅरिबियन पर्यटनस्थळी आणि आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर फिरून विकणारे, टॅक्सीवाल्याच्या ओळखीचे, इन्स्टाग्रामवर डीएम करा म्हणणारे, यांच्याकडून घेऊच नका. इथे पुढची कुठली पायरीच लागत नाही.

भारतात कायदेशीर आयात झालेल्या पेटीवर सिगरेटच्या पाकिटावर असतो तसा मोठा सचित्र धोक्याचा इशारा असतो, एमआरपी असते, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. लोकांना तो फोटो बघून वाटतं की पेटी खराब केली, आणि कोरी, छान दिसणारी पेटी जास्त 'इम्पोर्टेड' वाटते. उलट आहे. भारतातल्या दुकानात इशारा नसलेली पेटी दिसली तर ती चोरट्या मार्गाने आलेली आहे. आत माल खरा असेलही, पण ती पेटी कुठल्या गोदामात, किती उन्हात, किती महिने पडली होती हे कोणालाच माहीत नसतं आणि तक्रार घेऊन जायची तर कोणाकडे? परदेशातून स्वतः आणत असाल तर ड्युटी न भरता २५ सिगारची मर्यादा आहे, म्हणजे साधारण एक पेटी.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी वेगळं सांगतो कारण तिथे गोंधळ जास्त. १९६२ पासून क्युबाच्या मालावर तिथे बंदी आहे, मधली काही वर्षं प्रवाशांना स्वतःपुरत्या आणता येत होत्या, ती सूटही सप्टेंबर २०२० मध्ये गेली. तरी तिथल्या दुकानात मोन्तेक्रिस्तो, पार्तागास, कोहिबा राजरोस दिसतात. ते नकली नाहीत. क्युबातल्या क्रांतीनंतर जुन्या ब्रँडचे मालक देश सोडून गेले, नावांवरून कोर्टकज्जे झाले, आणि त्याच नावाने डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास इथे वेगळ्या कंपन्या सिगार बनवायला लागल्या. अमेरिकेतल्या कोहिबाच्या नावातल्या 'ओ'मध्ये लाल ठिपका असतो, तो डॉमिनिकन माल. चांगला असू शकतो, पण क्युबन नाही. म्हणून न्यू जर्सीच्या काकांनी तिथल्या दुकानातून आणलेली 'क्युबन' ही एकतर डॉमिनिकन आहे किंवा डुप्लिकेट किंवा चोरून आलेली. काकांना दोष देऊ नका, पट्टीवर ब्रँडचं नाव तेच असतं, फक्त देश वेगळा, आणि तो बारीक अक्षरात.

अशीच एक जुनी गंमत डेव्हिडॉफची. ही कंपनी १९९०च्या आसपास क्युबातून बाहेर पडली आणि तेव्हापासून तिच्या सिगार डॉमिनिकन आहेत. आज कोणी 'फ्रेश क्युबन डेव्हिडॉफ' देतो म्हणाला तर तिथून निघा.

पायरी २: भाव

२०२२ मध्ये हाबानोसने कोहिबा आणि त्रिनिदादचे भाव जगभर एका पातळीवर आणले, तेही महागातल्या बाजारांच्या पातळीवर, त्यामुळे काही देशांत ते भाव कितीतरी पटींनी वाढले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी इयान चक्रीवादळ थेट पिनार देल रिओवर आलं आणि तंबाखू वाळवायची लाकडी घरं मोठ्या संख्येने आडवी झाली. माल कमी, मागणी जास्त. अशा परिस्थितीत कोहिबा कोणालाच स्वस्तात मिळत नाही, तर तुम्हाला अर्ध्या भावात का मिळेल? अधिकृत दुकानाच्या वेबसाइटवर त्या दिवशीचा भाव बघून घ्या आणि समोरचा त्याच्या खूपच खाली असेल तर पेटी उघडायचीही तसदी घेऊ नका.

नवीन माणसाला माझा सल्ला कोहिबा घ्यायचाच नाही. सगळ्यात जास्त नकली तीच बनते, आणि नवख्या जिभेला तिच्यातलं जे बारीक आहे ते कळतही नाही. क्युबनच घ्यायची असेल तर मोन्तेक्रिस्तो नंबर ४ घ्या, ती वर्षानुवर्षं सगळ्यात खपाच्या क्युबन सिगारपैकी आहे. १२९ मिलिमीटर लांब, ४२ रिंग गेज, पाऊण तासात संपते. रिंग गेज म्हणजे जाडी, इंचाचे ६४ भाग धरून. ५० रिंग गेज म्हणजे जवळपास २० मिलिमीटर. रोबुस्तो हा आकार म्हणजे १२४ मिमी आणि ५० रिंग, जसं पार्तागास सेरिए डी नंबर ४, ती कडक आहे, उपाशीपोटी ओढू नका. चर्चिल आकाराची १७८ मिमीची सुरुवातीला अजिबात नको, दीडेक तास लागतो आणि अर्ध्यात मळमळायला लागतं.

पायरी ३: पेटी

काचेचं किंवा प्लास्टिकचं पारदर्शक झाकण असलेली कोहिबाची पेटी दिसली तर विषय संपला. हाबानोस तशी पेटी बनवतच नाही, पर्यटकांसाठी बनवणारे बनवतात. लोक ती शोकेसमध्ये ठेवतात, भेट देतात, आणि एवढी ढळढळीत खूण असून फसतात म्हणून सगळ्यात आधी ती सांगितली.

मग सील. पेटीच्या पुढच्या बाजूला डावीकडे झाकणावरून खाली आलेली हिरवट कागदी पट्टी असते, क्युबन सरकारची हमी. अशी हमीपट्टी १८८९ पासून चालत आलेली आहे, रूप बदलत गेलं. १९९९ मध्ये त्यावर लाल अनुक्रमांक आला, आणि साधारण २०१० पासूनच्या नव्या सीलवर होलोग्राम आणि बारकोड असतो. मजकूर चार भाषांत: स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. छपाई बारीक आणि धारदार हवी, रंग पसरलेला, अक्षरं भरलेली, होलोग्राम म्हणजे नुसती चमकणारी टिकली, असं असेल तर नकली. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात तिरकं 'हाबानोस' लिहिलेलं लेबल असतं.

बारकोडचा नंबर हाबानोसच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. अवश्य तपासा, पण त्यावरच विसंबू नका. नंबर नाही सापडला तर पेटी नकली असण्याची शक्यता मोठी, पण सापडला म्हणजे खरी असं नाही, कारण एका खऱ्या पेटीचा नंबर शंभर नकली पेट्यांवर छापता येतो. तीच गोष्ट रिकाम्या खऱ्या पेट्यांची. हॉटेलातून, बारमधून रिकाम्या पेट्या विकत घेऊन त्यात दुसरा माल भरतात. म्हणून सील फाडून पुन्हा चिकटवलंय का हे कडेने नख फिरवून बघा.

आता पेटी उलटी करा. तळाला तापवलेल्या ठशाने डागून तीन ओळी असतात: हाबानोस एस.ए., 'एचो एन कुबा' आणि 'तोतालमेन्ते आ मानो', म्हणजे पूर्ण हाताने बनवलेली. बोट फिरवलं तर दबलेलं जाणवलं पाहिजे, नुसती छापील शाई नको. ही तिसरी ओळ १९८९ पासून आली. तिच्यापुढे 'त्रिपा कोर्ता' असेल तर आत लांब पानांऐवजी तुकडे आहेत, हाताने वळलेली पण स्वस्तातली प्रत, त्यात लबाडी काही नाही, फक्त तो भाव द्या.

तिथेच शाईच्या शिक्क्यात फॅक्टरीचा कोड आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष असतं, आणि इथे मला सगळ्यात आवडणारी युक्ती आहे. महिना स्पॅनिशमध्ये असतो. जानेवारी ई-एन-ई, एप्रिल ए-बी-आर, ऑगस्ट ए-जी-ओ, डिसेंबर डी-आय-सी. बाकीचे महिने इंग्रजीसारखेच दिसतात, पण या चार महिन्यांत नकली बनवणारा कधीकधी सवयीने इंग्रजी महिना मारतो. पेटीवर इंग्रजी पद्धतीने जे-ए-एन किंवा डी-ई-सी दिसलं की परत देऊन टाका. तारखेची सीलशीही ताळमेळ लावा: २०१६ची तारीख आणि त्यावर होलोग्राम नसलेलं जुनं सील, हे जुळत नाही.

ब्रिटनमधून आलेल्या पेटीवर तिथल्या वितरकाचा, हंटर्स अँड फ्रँकाऊचा, वेगळा ईएमएस (इंग्लिश मार्केट सिलेक्शन) शिक्का असतो. तो असला तर चांगलंच, त्यांची तपासणी कडक असते.

पायरी ४: पेटी उघडल्यावर

उघडल्याबरोबर एक क्षण नुसतं बघा. खऱ्या पेटीतल्या सिगार रंगाने जुळवलेल्या असतात, डावीकडे सगळ्यात गडद आणि उजवीकडे जाता जाता फिकट, आणि फरक इतका बारीक की सहज दिसू नये. फॅक्टरीत हे काम करायला वेगळी माणसं असतात. पेटीत एक चॉकलेटी, शेजारी एक हिरवट, तिसरी काळी असं दिसलं तर ती कोणीतरी गोळा करून भरलेली पेटी आहे. लांबी सगळ्यांची सारखी, डोकी सारखी, पट्ट्या एका रेषेत, समोर तोंड करून.

वास घ्या. गोठ्यासारखा, शेणकुटासारखा, कोकोसारखा, लाकडासारखा, हे सगळं ठीक. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सिगार खरी असेल पण अजून मुरलेली नाही, काही महिने ठेवून द्यावी लागेल. अत्तरासारखा किंवा व्हॅनिलाचा गोड वास क्युबन सिगारला नसतोच.

आता एक हातात घ्या. अंगठा आणि तर्जनीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हलकं दाबत जा. थोडी दबली पाहिजे आणि परत वर आली पाहिजे. मध्येच एखादी गाठ लागली तर तिथे ओढ अडकणार, पोकळ लागली तर तिथे भसाभस जळून गरम होणार. चुरचुर आवाज आला तर कोरडी पडलीये. रॅपर अखंड, किंचित तेलकट चमक, जाड शिरा नाहीत, भेगा नाहीत. ही परीक्षा फक्त खरी-खोटीची नाही, खऱ्या सिगारमध्येही चांगलं-वाईट वळलेलं असतं, हाताचं काम आहे शेवटी, त्यामुळे सुटी घेत असाल तर दुकानदाराला विचारून ही परीक्षा जरूर करा.

डोकं बघा, म्हणजे जे कापतो ते टोक. क्युबन वळणारे तिथे पानाचे तीन फेरे देऊन टोपी बसवतात, नीट बघितलं तर तीन बारीक रेषा दिसतात. निकाराग्वावालेही आता अशी टोपी करतात, त्यामुळे टोपी आहे म्हणून क्युबन असं नाही, पण क्युबन म्हणून विकतायत आणि टोपी एकाच तुकड्याची, जाड, डिंकाने थापलेली आहे, तर नको. आणि पायाकडचं टोक, जे पेटवतो, तिथे वेगवेगळ्या छटांच्या पानांच्या घड्या दिसायला हव्यात. एकसारखा भुगा दिसला तर 'लांब पानाची' म्हणून जास्त पैसे देऊ नका. क्लब आणि मिनी नावाच्या छोट्या सिगारिलो मशीनवर बनतात, त्यांना हे नियम लावू नका.

आता पट्टी. छपाई उठावदार, सोनेरी रंग सोनेरी आणि मातकट पिवळा नाही, कोहिबाचे पांढरे ठिपके चौकोनी, एका मापाचे, कडेला अर्धे कापलेले नाहीत. ब्रँड पट्ट्या अधूनमधून बदलतात, म्हणून पेटीच्या तारखेच्या काळातली पट्टी नेटवर शोधून शेजारी ठेवून बघा.

क्युबन सोडून दुसरं घेणार असाल तर निकाराग्वाची पाद्रोन नवीन माणसालाही आवडते, तिच्या १९६४ आणि १९२६ या मालिकांमधल्या प्रत्येक सिगारवर दुसरी पट्टी असते आणि तिच्यावर वेगळा नंबर. आणि खरं सांगायचं तर पहिल्या काही सिगार निकाराग्वा किंवा डॉमिनिकनच घ्या, वळणाची एकसारखी प्रत त्यांच्याकडे सध्या जास्त भरवशाची आहे.

पायरी ५: पेटवल्यावर

कापताना टोपी पूर्ण उडवू नका, दोनेक मिलिमीटर पुरे, नाहीतर रॅपर सुटत जातं. न पेटवता एक झुरका ओढून बघा, हवा अडखळत आली तर ती सिगार त्रास देणार. ज्योत टेकवू नका, जराशी लांब धरून फिरवत फिरवत कडा पेटवा. मिनिटाला एखादा झुरका, त्यापेक्षा घाई केली की गरम होऊन कडू होते, आणि नवीन माणूस म्हणतो माल खराब. जळणारी रेषा साधारण सरळ राहिली, राख करडी आणि घट्ट धरून राहिली, तर आत लांब पान आहे. राख पीठासारखी गळतेय, मध्येच तोंडात चुरा येतोय, रबर किंवा कागद जळाल्यासारखी चव आहे, तर विझवून टाका, पैसे गेले म्हणून शेवटपर्यंत ओढायची गरज नाही.

पायरी ६: घरी ठेवणं

आपल्या हवेत खरी सिगारही दोन महिन्यांत वाया जाते, म्हणून हे वाचाच. तिला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १६ ते २० अंश तापमान हवं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बुरशी येते, विदर्भात मे महिन्यात कडकडीत वाळून तडकते. आणि तापमान पंचविशीच्या वर राहिलं तर पानातली तंबाखूच्या किड्यांची अंडी फुटतात, सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसायला लागतात. कुठून आली हे माहीत नसलेली सिगार आधी झिपच्या पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढली तर रॅपर फाटतं.

ह्युमिडोर, म्हणजे सिगारसाठी आर्द्रता राखणारी खास पेटी, लगेच नको. घट्ट झाकणाचा डबा, त्यात आर्द्रता ६५ किंवा ६९ टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं, आणि सिगारच्या पेटीतल्या लाकडाची एक पातळ फळी. सुताराकडून पेटी करून घेत असाल तर देवदाराची करू नका, त्याचा राळेचा वास सिगारमध्ये उतरतो. सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात ते स्पॅनिश सीडर हे झाड महोगनीच्या आणि कडुनिंबाच्या कुळातलं आहे, देवदाराचं त्याच्याशी काही नातं नाही, ते नसेल तर साधा प्लास्टिकचा डबा चालेल.

आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्याल तेव्हा ते बरोबर दाखवतंय का ते आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी टाकून ओलं करा, विरघळू देऊ नका, आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तुमचं मीटर पाच कमी सांगतंय, तेवढे मिळवून वाचत जा. वर्षातून एकदा, मेच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी हे करा, आणि तेव्हाच पाकिटं दाबून बघा, कडक झाली असतील तर बदला.